किल्ली काढलेले विमान

मे महिन्यातल्या त्या दुपारी फोनवर मला एवढेच कळले, की नागपुरातल्या एका हँगरसमोर उभ्या असलेल्या विमानाचा पंखा मदतनीस मुलाच्या हाताला लागला आणि त्याला अजनीमार्गे मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नेले आहे. इंजिन बंद होते, वैमानिक उतरून गेला होता, किल्लीही काढलेली होती, हे सांगणारा पुन्हा पुन्हा बजावत होता. छोट्या विमानांची देखभाल हेच माझे काम असल्यामुळे ते ऐकताच मला मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची, शंका आली.

विमान खाजगी मालकीचे, दोन आसनी सेसना १५२ होते. ते उन्हातून सावलीत घ्यायचे होते. पुढच्या चाकाला टो बार, म्हणजे विमान ओढायचा दांडा, अडकवताना पंख्याचे खालचे पाते आड येत होते, म्हणून त्या मुलाने पंखा हाताने फिरवून आडवा करायला घेतला. त्याच क्षणी इंजिनाने एक ठोका दिला आणि पाते त्याच्या उजव्या हातावर बसले. कोपराखालची दोन्ही हाडे मोडली. तो एका बाजूला उभा होता म्हणून डोके वाचले.

मोटारीचे प्रज्वलन बॅटरीवर चालते. या इंजिनाचे दोन मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतात. बॅटरी उतरली तरी आकाशात इंजिन चालू राहावे, यासाठी ही योजना आहे आणि ती योग्यच आहे. मात्र त्यामुळे किल्ली ‘ऑफ’वर नेली म्हणजे वीज तोडली जाते असे नाही, उलट एका बारीक तारेने मॅग्नेटो विमानाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडला जातो आणि त्याची ठिणगी दाबली जाते. ती तार तुटली, की किल्ली कोणाच्याही खिशात असो, मॅग्नेटो जिवंतच राहतो. पंखा हाताने अगदी सावकाश फिरवला तरी इंपल्स कपलिंग हा स्प्रिंगचा जोड मॅग्नेटोला झटका देऊन ठिणगी पाडतो. तापलेल्या सिलिंडरमध्ये इंधनाची थोडी वाफ उरलेली असली, तर तेवढे पुरते.

मी झाकण उघडून पाहिले. एका मॅग्नेटोची तार टोकाजवळ आतून तुटली होती, पण बाहेरचे आवरण शाबूत असल्यामुळे तुटलेली टोके कधी एकमेकांना टेकत होती, कधी नव्हती. उड्डाणापूर्वी इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर ठेवून एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतात, तेव्हा फेरे १२५ पेक्षा जास्त उतरू नयेत असा नियम आहे. सगळ्यांचे लक्ष फेरे फार उतरत नाहीत ना, याकडे असते. ते अजिबात न उतरणे, म्हणजे मॅग्नेटो बंदच न होणे, जमिनीवरच्या माणसासाठी किती घातक आहे, हे फार कमी जण मनात ठेवतात. शिवाय हे इंजिन किल्लीने नव्हे, तर इंधन आणि हवेच्या मिश्रणाचा दांडा ओढून, इंधन तोडून बंद करतात. त्यामुळे तुटलेली तार लपून राहते.

संध्याकाळी मी मेडिकलला गेलो. हाताला तात्पुरते प्लास्टर होते, उशाशी त्याची माय बसली होती. मला पाहताच तो म्हणाला, “साहेब, चाबी तं काढली होती नं? मंग ते फिरलंच कसं?” मी कागदावर आकृती काढून त्याला ते समजावले. अनेक महिने त्या विमानाला हात लावणाऱ्या या मुलाला ही गोष्ट त्याआधी कोणीही सांगितलेली नव्हती.

मला त्याहून खटकले ते पुढचे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ नुसार विमानाच्या भागाचा थेट आघात होऊन कोणी गंभीर जखमी झाले, तर तो अपघात ठरतो, आणि हाताचे हाड मोडणे ही गंभीर दुखापतच आहे. पण ही घटना, कोणीतरी उड्डाणाच्या हेतूने विमानात चढल्यापासून सगळे उतरेपर्यंतच्या काळात घडलेली असावी लागते. इथे वैमानिक उतरून गेला होता, म्हणून व्याख्येप्रमाणे हा विमान अपघातच नव्हे. अशा तपासाचा हेतू दोष ठरवणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे, असे तेच परिशिष्ट सांगते. मग जे इंजिन चालू असताना धोक्याचे, तेच बंद समजले जात असताना अधिक धोक्याचे असेल, तर त्यातून निघणारा धडा दुसऱ्या हँगरपर्यंत पोहोचायचा कसा? विमानाच्या नोंदवहीत ‘मॅग्नेटोची तार बदलली’ एवढेच लिहिले जाते.

म्हणून मी मालकाला सविस्तर अहवाल दिला आणि एक पद्धत सुचवली, जी त्यांनी लगेच मान्य केली. इंजिन बंद करण्यापूर्वी वैमानिक ते मंद गतीवर ठेवून किल्ली क्षणभर ‘ऑफ’ करतो. इंजिन मरू लागले की किल्ली परत ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही मॅग्नेटो चालू ठेवणाऱ्या खुणेवर, आणतो आणि मगच मिश्रणाचा दांडा ओढतो. खाली उतरल्यावर ही चाचणी कशी झाली ते तो मदतनीसाला तोंडी सांगतो. चाचणी ठीक झाली तरी पंखा नेहमी जिवंतच समजायचा आणि गरज नसताना त्याला हात लावायचा नाही, हेही ठरले. हाताची शस्त्रक्रिया होऊन तो मुलगा कामावर परतला आहे. त्याचा तळवा अजून पूर्ण पालथा होत नाही, पण हँगरमध्ये येणाऱ्या नव्या मदतनीसांना मॅग्नेटोची ती आकृती आता तोच काढून दाखवतो.