मला वास येत नाही

शाल आज दुसऱ्यांदा धुतली. बाकीचे कपडे आत घेतले, ती एकटीच दोरीवर आहे. सकाळपासून चार वेळा जाऊन नाकाला लावून पाहिली. काही कळत नाही. कळणार नाही हे माहीत असूनही जाते.

परवा धाकटी कुशीत बसून गोष्ट ऐकत होती. मध्येच सरकली. "आजी, तुझ्या शालीला वास येतोय." कसला गं, विचारलं तर म्हणाली, "वासच." गोष्ट तिने शेवटपर्यंत ऐकली, पण हातभर लांबून. तिच्या आईने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, ते मला जास्त लागलं. म्हणजे तिलाही येत होता. घरात सगळ्यांनाच येत असणार आणि कोणी बोललं नाही.

किती दिवसांपासून? दोन रात्री एवढाच प्रश्न डोक्यात आहे.

वास गेलाय हे मला नवं नाही. कोविडच्या तापात ह्यांचाही गेला होता, माझाही. ह्यांचा तीन आठवड्यांत परत आला. एका सकाळी साबण हातात धरून स्नानघरातून ओरडत बाहेर आले होते, आला म्हणून. मी वाट पाहिली. मग वाट पाहणंही सुटलं. पण आजवर ते सगळं मला काय मिळत नाही याबद्दल होतं. फुलं नाहीत, पाऊस नाही, कॉफी म्हणजे नुसतं कडू गरम पाणी. माझ्याकडून दुसऱ्यांना काय जात असेल हे कधी मनातच आलं नाही.

आपल्या भाषेत वास 'येतो'. आपण काही करायचं नसतं, तो येतो. त्यामुळे यायचा थांबला तरी लक्षात येत नाही. डोळे अधू झाले तेव्हा अक्षर पुसट दिसायला लागलं, पुसट आहे हे तरी दिसत होतं. वासाचं तसं होत नाही. तो गेला की हवा स्वच्छ वाटते. घर स्वच्छ वाटतं, दूध ताजं वाटतं, शाल धुतलेली वाटते. मागच्या महिन्यात मी नासलेलं दूध प्यायले ते याचमुळे. नसलेला वास आणि मला न येणारा वास, या दोन्हींत फरक कसा करायचा?

डॉक्टरांनी विचारलं होतं, कधीपासून. मी म्हटलं, तापापासून. ते खरं असेलही, पण पूर्ण खरं नसावं. त्याच्या आधीपासूनच भाजीत मीठ वाढत चाललं होतं. हे जेवताना पाण्याचा पेला जवळ ओढायचे, मला वाटायचं ह्यांचंच वय झालं. डॉक्टरांनी नीट समजावलं. जिभेला कळतात ते गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी, जिला इकेदा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८मध्ये नाव दिलं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते बरंचसं नाकाचं काम. घास चावताना त्याचा वास घशामागून वर नाकात चढतो आणि आपल्याला वाटतं जिभेला कळलं. मी आयुष्यभर 'तोंडाला चव नाही' म्हणत आले. तोंडाचा काही दोष नव्हता. नाकाकडून काही येत नव्हतं म्हणून जीभ जे तिला कळतं तेच जास्त मागत होती. रक्तदाबाची गोळी वाढली त्यात त्या मिठाचाही हात असणार.

नाकाच्या छताशी, टपाल तिकिटाएवढ्या जागेत वास ओळखणाऱ्या पेशी असतात. माणसात त्यांचे जवळजवळ चारशे प्रकार आहेत. असे शेकडो प्रकार असतात हा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१मध्ये लावला, २००४मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या पेशी मरतात आणि पुन्हा उगवतात, जन्मभर. मज्जासंस्थेत असं फार थोड्या ठिकाणी होतं. हे वाचलं तेव्हा मला केवढा धीर आला होता. मग पुढचं वाचलं. वय वाढतं तसं उगवणं मंदावतं. जागा ओस पडते, तिथे साध्या श्वासमार्गाचं अस्तर येतं. त्यांचे धागे कवटीच्या ज्या चाळणीसारख्या हाडातून मेंदूकडे जातात, त्याची भोकंही वयाने अरुंद होतात. आणि त्या तापाचा विषाणू मुळात या पेशींना नाही, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना धरतो. ह्यांचे शेजारी सावरले. माझे नाही सावरले.

रिचर्ड डोटी यांनी १९८४मध्ये मोठी पाहणी केली होती. पासष्ट ते ऐंशीमधल्या निम्म्याहून अधिक माणसांची वासाची शक्ती बरीच कमी झालेली, ऐंशीच्या पुढे तर तीन चतुर्थांशांहून अधिक जणांची. म्हणजे माझ्या वयाच्या दोघांत एकीला तरी हे आहे. मग कोणी बोलत कसं नाही? गुडघ्यांबद्दल तासभर बोलतो आम्ही. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख एकमेकींना पाठ असते. वासाचं कधी कोणी काढलं नाही. बहुतेकींना ठाऊकच नसेल. माझ्यासारख्याच त्याही स्वच्छ हवेत बसल्या असतील.

आणखी एक वाचलं, ते ह्यांना सांगितलेलं नाही. २०१४मधला अमेरिकेतला अभ्यास, ५७ ते ८५ वयाची तीन हजार माणसं. ज्यांना वास अजिबात ओळखता येत नव्हता त्यांतली ३९ टक्के पाच वर्षांत गेली. ज्यांना नीट येत होता त्यांतली १० टक्के. वास गेल्याने माणूस जात नाही, शरीर थकत आल्याची ती खूण असते, इतकंच. असो.

ताईची आठवण येते सारखी. तिचे कॅन्सरचे उपचार चालू होते तेव्हा ती म्हणायची, सगळं लोखंड चाटल्यासारखं लागतं. मी तिच्यासाठी तासन् तास उभी राहून करायचे आणि ती दोन घास खाऊन ताट सरकवायची. एकदा म्हणाली, मला लाकडी चमचा दे. मला तो हट्ट वाटला. मी म्हटलं, चमच्याने काय होतंय, मनावर घे जरा. आता वाचते तर हे साधं सांगितलेलं असतं सगळीकडे: त्या औषधांनी जिभेच्या पेशी मरतात, तोंडात धातूची चव राहते, धातूचा चमचा टाळावा. जिभेच्या पेशी दहा-पंधरा दिवसांत नव्या होतात, उपचार थांबले की बहुतेकांची चव परत येते. तिचे उपचार थांबले तेव्हा

ते नको आज.

पण चमचा द्यायला हवा होता. तिला खरंच लोखंड लागत होतं. तिच्या तोंडात काय चाललंय ते तिच्याशिवाय कोणाला कळणार होतं, आणि तिचं मी खरं मानलं नाही. आता माझ्या शालीचं माझ्याशिवाय सगळ्यांना कळतं, आणि मला धाकटीच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

धाकटी खोटं बोलत नाही. सात वर्षांची आहे. येतोय म्हणाली म्हणजे येत होता.

काल रात्री झोप नव्हती म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या अंगाच्या वासावरच वाचत बसले. जपानी संशोधकांना २००१मध्ये चाळिशीनंतरच्या अंगवासात नोनेनाल नावाचं एक द्रव्य सापडलं. म्हणजे म्हातारपणाचा वास असतो, कल्पना नाही. मन खट्टू झालं. मग २०१२मधला दुसरा प्रयोग सापडला. तरुण, मध्यमवयीन आणि पंचाहत्तरीच्या पुढची माणसं, सगळ्यांच्या काखेत ठेवलेल्या कापडाच्या घड्या हुंगायला दिल्या, कोणाच्या ते न सांगता. लोकांनी म्हाताऱ्यांचा वास ओळखला. आणि तोच सगळ्यांत सौम्य, सगळ्यांत कमी त्रासाचा म्हणून सांगितला. मी ते तीनदा वाचलं. रात्री दीड वाजता मला रडू आलं. वाईट वाटून नाही आलं, एवढं नक्की.

आज शाळेतून आल्यावर धाकटीला जवळ बोलावलं आणि खरं काय ते सांगितलं, की आजीचं नाक काम करत नाही. तिने माझ्या नाकपुड्यांत वाकून पाहिलं. मग मी विचारलं, शालीला कसला वास येत होता, नीट आठवून सांग. तिने डोळे मिटले. "ओल्या पुस्तकासारखा." तो वास मला आठवतो. शाल मी नीट वाळायच्या आधीच घडी करून ठेवत होते, थंडीत वाळायला वेळ लागतो म्हणून. म्हणजे वास ओलीचा होता. निदान बराचसा. बाकीचा माझा असेल तर असू दे.

आता ठरवलंय. दूध तीच हुंगेल आणि सांगेल, शाल तीच हुंगेल. ती नसेल तेव्हा हे. गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास घातलेला असतो, तो माझ्या उपयोगाचा नाही, म्हणून गजर करणारं यंत्र मागवायला सांगितलंय. मीठ चमच्याने मोजून घालायचं, चव घेऊन नाही.

आणि चार बाटल्या आहेतच: गुलाब, नीलगिरी, लिंबू, लवंग. २००९मध्ये जर्मनीत थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली थोडा वेळ हुंगायची, १२ आठवडे. सगळ्यांना गुण येत नाही, काहींना येतो. माझा पाचवा आठवडा. तिसऱ्या आठवड्यात नीलगिरी हुंगली आणि नाकात काहीतरी चढलं, मी ह्यांना हाका मारल्या. नंतर कळलं, तो गारवा होता. गार आणि तिखट कळणारी नस वेगळी असते, ट्रायजेमिनल, ती माझी शाबूत आहे. त्या दिवशी दुपारी जेवले नाही. आता मात्र ती गार झुळूक आली की बरं वाटतं. नाकात अजून कोणीतरी जागं आहे.

आजची संध्याकाळची नोंद. धाकटी शेजारी बसली होती, प्रत्येक बाटली आधी तिने हुंगली. गुलाब: काही नाही. लिंबू: काही नाही. नीलगिरी: गार. लवंग: काहीतरी होतं, टोचलं की वास आला ते सांगता येत नाही. तिला विचारलं, कशी आहे गं. ती म्हणाली, "तपकिरी."

पुन्हा हुंगली. उद्या सकाळी परत बघू.