फोटो पुन्यांदा कशाला?

मला रुग्णाकडून हवं होतं ते सांगायला दोन वाक्यं पुरत होती. एमआरआय झाला की टेबलावरून खाली उतरायचं आणि पाच-दहा मिनिटं बाहेर बसायचं. मग पुन्हा त्याच टेबलावर झोपून त्यातला एक भाग नव्याने करून घ्यायचा. इंजेक्शन नाही, किरणं नाहीत, जादा पैसे नाहीत. फायदाही नाही.

हे शेवटचं मी सुरुवातीला जरा हळू आवाजातच म्हणायचे.

मी डॉक्टर नाही, भौतिकशास्त्रातून मेडिकल फिजिक्सकडे वळलेली आहे. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या एमआरआयवर पीएचडी करत होते. घरी सांगलीला फोनवर विषय सांगितला की आईचा प्रश्न ठरलेला. "फोटो असतो ना तो? मग आकडा कसला काढतेस?"

प्रश्न बरोबर होता. सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला हौन्सफील्डचं माप असतं. पाणी शून्य, हवा उणे १०००, मशीन कुठलंही असो. एमआरआयच्या करड्या रंगाला असं माप नाही. आज जो भाग उजळ दिसतो तो उद्या दुसऱ्या मशीनवर वेगळा दिसेल, आणि दोन्ही बरोबरच. गंमत म्हणजे या तंत्राची सुरुवात आकड्यातूनच झाली. १९७१ मध्ये रेमंड डमाडियन यांनी उंदरांच्या गाठींचे तुकडे घेऊन टी-वन आणि टी-टू (चुंबकात ढवळलेला ऊतीचा सिग्नल पुन्हा शांत व्हायला लागणारे वेळ) मोजले, तेव्हा ते निरोगी ऊतींपेक्षा जास्त निघाले. या तंत्राने काढलेलं पॉल लॉटरबर यांचं चित्र आलं १९७३ मध्ये. मग चित्रानेच बाजी मारली आणि आकडा मागे पडला. आम्ही तो पुन्हा पुढे आणायच्या खटपटीत होतो.

माझा आकडा एडीसी. पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने फिरतात त्याचं हे माप. गाठीत पेशी दाटीने असतात, त्यामुळे पाण्याला हलायला जागा नसते आणि आकडा कमी येतो. उपचाराने पेशी मरायला लागल्या की जागा होते आणि आकडा वाढतो. गाठ आकाराने लहान व्हायच्या आधीच हा बदल दिसू शकतो, म्हणून सगळी उत्सुकता. रेडिएशनच्या तिसऱ्या आठवड्यात आकडा वाढलेला दिसला, तर उपचार लागू पडतोय असं म्हणता येईल का, हा माझा प्रश्न होता.

पहिल्याच बैठकीत माझ्या गाइडनी विचारलं, "काहीच उपचार न करता तो आकडा किती हलतो?"

मला माहीत नव्हतं. पुढचं दीड वर्ष त्यात गेलं.

आधी माणसांशिवाय मोजायचं ठरलं. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून मी ती रोज स्कॅन करायचे. रोज वेगळा आकडा यायचा. मशीन बिघडलंय अशी माझी खात्री झाली आणि मी कंपनीच्या इंजिनिअरला बोलावून घेतलं. त्यांनी दोन तास तपासून काही दोष नाही म्हणून सांगितलं. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ते अजून आठवतं. दोष बाटलीच्या तापमानाचा होता. पाण्याचा एडीसी २० अंशांना साधारण २.० असतो आणि २५ अंशांना २.३ (एकक दर सेकंदाला चौरस मिलिमीटरचा हजारावा भाग, पण बोलताना कोणी ते म्हणत नाही). एसीखाली ठेवलेली बाटली आणि खिडकीशी ठेवलेली बाटली यांत जो फरक पडत होता, तेवढाच मी रुग्णांत शोधायला निघाले होते.

उपाय मिशिगन विद्यापीठातल्या टॉमस चेनेवर्ट यांच्या गटाने २०११ मध्ये मांडलेला होता, आणि इतका साधा की मला थोडी लाजच वाटली. पाण्याची नळी मध्ये ठेवायची आणि भोवती बर्फाचं पाणी भरायचं. बर्फ शिल्लक आहे तोवर तापमान शून्य अंश, आणि शून्य अंशाला पाण्याचा एडीसी १.१. जगात कुठेही १.१. शिवाय तो गाठीच्या आकड्याच्या जवळपासचा, म्हणजे परीक्षा योग्य जागी होते.

बर्फ कुठून आणायचा? कॅन्टीनच्या फ्रीजमधला पुरेना. शेवटी गेटबाहेरच्या उसाच्या रसवाल्याशी संधान बांधलं. स्कॅनर रिकामा मिळायचा तो रात्री दहानंतरच. त्यामुळे गाडी बंद करताना तो उरलेली लादी गोणपाटात गुंडाळून मला द्यायचा. रात्रपाळीच्या टेक्निशियन दादांनी पहिल्याच दिवशी बर्फ फोडायला आणलेला माझा हातोडा काढून घेतला आणि चुंबकाच्या खोलीपासून लांब, कुलपात ठेवला. "मॅडम, हा आत उडाला असता तर पीएचडी राहिली असती बाजूला." फिजिक्स माझं होतं. अक्कल त्यांची.

तासभर थांबून मोजलं. १.१ आला. मग बाटली टेबलाच्या मधोमध न ठेवता कडेला सरकवली, तर आकडा बदलला. चुंबकाच्या मध्यापासून दूर गेलं की ग्रेडियंट, म्हणजे चुंबकीय क्षेत्राला मुद्दाम दिलेले उतार, तितके सरळ राहत नाहीत, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. त्या रात्री डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाला टेबलावर नेमकं मधोमध झोपवण्याबद्दल मी इतकी किरकिर करायला लागले की दादा वैतागायचे.

मग आली एथिक्स कमिटी. तिथे "रुग्णाला फायदा काय?" हा प्रश्न येणार हे धरलंच होतं आणि "काही नाही" हे उत्तरही पाठ केलं होतं. अडकले ते भलत्याच ठिकाणी. माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत द्यावं लागतं. मूळ मसुदा इंग्रजी, भाषांतर बाहेरून करून घेतलेलं. तेच तेच मोजल्यावर तोच आकडा पुन्हा येण्याला भाषांतरकारांनी शब्द वापरला होता 'पुनरुत्पादनक्षमता'. "या अभ्यासाचा हेतू आपल्या पुनरुत्पादनक्षमतेची चाचणी करणे हा आहे." मी ते वाचलं होतं, सही केली होती. कमिटीतल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्या सामान्य माणसाची बाजू बघायला तिथे असतात, त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गर्भाशयाचा कॅन्सर झालेल्या बाईच्या हातात हा कागद देणार तुम्ही?"

खोलीत कोणी हसलं नाही. त्या रात्री बसून मी सगळं पत्रक पुन्हा लिहिलं, सरळ मराठीत विचार करून. जड शब्दाच्या जागी आलं, 'तोच भाग दुसऱ्यांदा मोजल्यावर आकडा तोच येतो का, हे आम्हाला बघायचं आहे.' दोन महिने गेले, पण त्या बाईंचा राग कधी आला नाही.

पत्रक सोपं झालं म्हणून बायका तयार झाल्या असं मात्र नाही. पहिल्या चौघींनी नाही म्हटलं, आणि का नाही म्हणणार? एमआरआयच्या नळकांड्यात अर्धा-पाऊण तास तो ठकठकाट ऐकून, ओटीपोटावर सिग्नल पकडणारी कॉइल बांधून घेऊन बाहेर आलेल्या बाईला पुन्हा आत जा म्हणायचं. पाचव्या आल्या त्या सोलापूरकडच्या. साठीच्या असतील. मी पत्रक वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "पुन्यांदा कशाला? पहिला फोटो बिघडला व्हय?"

"नाही मावशी, फोटो चांगला आलाय."

"मग?"

माझ्याकडची सगळी तयार उत्तरं मला एकदम खोटी वाटली. बोलता बोलता कळलं की त्यांच्याकडे दोन गाई आहेत, दूध डेअरीला घालतात. आमच्याही घरी तेच. "मावशी, डेअरीत फॅट लावतात ना? एकाच किटलीतलं दूध दोनदा लावलं तर तीच फॅट लागते का?"

"कशाला लागती!" त्या पहिल्यांदा हसल्या. गाईच्या दुधाची फॅट साडेतीनच्या खाली गेली की दर कापतात, हे आम्हा दोघींनाही पाठ होतं. "तीनच्या वर किती हाय त्यावरनं रोज भांडण. मी तर म्हणती, माझ्यासमोर दुसऱ्यांदा लाव."

"तेच करायचंय. आमचं मशीन तुमच्यासमोर दुसऱ्यांदा लावायचंय."

त्या उठल्या. जाता जाता मागे वळून म्हणाल्या, "पर दूध ढवळून घेतलंस का? वरवरचं घेतलं तर फॅट जास्तीच लागणार."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, कारण पुढे सहा महिने मी नेमकी त्यातच अडकले. गाठीचा आकडा काढायचा म्हणजे स्क्रीनवर तिच्याभोवती माउसने रेघ काढायची. छोटं वर्तुळ कुठे ठेवता त्यावर आकडा बदलतो. गाठीच्या मधला भाग मेलेला असेल तर तिथे आकडा जास्त, कडेला कमी. मी सोमवारी काढलेली रेघ आणि मीच पुढच्या सोमवारी काढलेली रेघ जुळत नव्हती. शेवटी स्कॅनच्या सगळ्या स्लाइसवर, म्हणजे एकेका कापावर, अख्खी गाठ आखायची असं ठरलं. वेळखाऊ आणि कंटाळवाणं, पण आकडा स्थिर झाला. ढवळून घेतलं, एवढंच.

त्यानंतर बायका मिळत गेल्या. डेअरी सगळ्यांना चालली नाही. नालासोपाऱ्याच्या एका ताईंना मी घरच्या वजनकाट्यावर दोनदा उभं राहण्याची गोष्ट सांगितली. काहींच्या बाबतीत दुसऱ्या स्कॅनच्या वेळी आतड्यात वायू सरकलेला असायचा आणि प्रतिमा ताणलेल्या रबरासारखी वाकडी यायची. त्या नोंदी बाजूला ठेवताना वाईट वाटायचं, कारण त्या बाईंनी वेळ तर पूर्ण दिलेला असायचा.

शेवटी हिशेब फार लहान आहे. दोनदा मोजल्यावर एकाच बाईचा आकडा किती हेलकावतो ते काढायचं आणि त्याला २.७७ ने गुणायचं. बदल त्याहून मोठा असेल तरच तो ९५ टक्के भरवशाने खरा बदल मानायचा. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी संघटनेने २००७ मध्ये सुरू केलेल्या क्वीबा या उपक्रमाने काही अवयवांसाठी हे उंबरठे दिले आहेत. एडीसीसाठी मेंदूत ११ टक्के, यकृतात २६, प्रोस्टेटमध्ये तब्बल ४७. म्हणजे प्रोस्टेटचा आकडा ३० टक्क्यांनी वाढला तरी एका रुग्णापुरतं ठामपणे काही बोलता येत नाही. असा वाढलेला आकडा रंगीत नकाशावर दाखवून टाळ्या घेणारी सादरीकरणं मी परिषदांमध्ये पाहिली आहेत. एकदा तसं सादरीकरण मीही केलंय. आमच्या अवयवाचा उंबरठा त्या यादीत नव्हता, तो आम्हाला आमच्या मशीनवर काढावा लागला.

सोलापूरच्या मावशी तिसऱ्या आठवड्याच्या स्कॅनला आल्या तेव्हा सून बरोबर होती. रेडिएशनने थकल्या होत्या, बोलल्या नाहीत फारसं. संध्याकाळी मी त्यांची गाठ आखली. आकडा वाढला होता, आमच्या उंबरठ्याच्या बराच वर.

हा आकडा संशोधनापुरता. रिपोर्टात जात नाही, रुग्णाला सांगायचा नाही. हे वाक्य पत्रकात मीच लिहिलं होतं, सरळ मराठीत.

दुसऱ्या दिवशी रेडिएशनच्या बाकावर त्यांनी मला पाहिलं. "काय गं, किती लागली फॅट?"

"ते डॉक्टर सांगतील, मावशी."

"डेअरीवालाबी असंच म्हणतोय," त्या सुनेला म्हणाल्या. "धा दिवसांनी बिल आल्यावर कळंल."