पाहुण्यांना वाघ दाखवायचा होता

वन्सं लग्न होऊन पुण्याला गेल्या त्याला एकतीस वर्षं झाली. जन्म, शाळा, कॉलेज सगळं इथलं, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं. पण आता त्यांच्या बोलण्यात ग्वाल्हेर शोधूनही सापडत नाही. यंदा संक्रांतीला त्या निनादला घेऊन आल्या. मी सहज विचारलं, "काय करून राहिलास रे?" तर भाचेबुवा म्हणाले, "मामी, करून राहिलास नाही, करतोयस." बावीस वर्षांचं पोर. वन्सं हसल्या. मी पण हसले, पण मनात नोंद करून ठेवली.

निनादने ताडोबात वाघ पाहिलेला आहे. तीनदा. ते आम्हाला पहिल्या संध्याकाळीच कळलं. मग ह्यांनाही चेव आला. "आमच्या शिवपुरीतही आहेत वाघ," हे म्हणाले, जणू काही घरचेच पाळलेले. आहेत हे खरंच. माधव राष्ट्रीय उद्यानात कित्येक वर्षं एकही वाघ नव्हता. 2023 च्या मार्चमध्ये बाहेरून आणून सोडले, आणि 2025 मध्ये त्याचं व्याघ्र प्रकल्पात रूपांतर झालं. पण साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या जंगलात मोजके वाघ. ते आमच्यासाठी रस्त्यावर येऊन का उभे राहतील, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सकाळच्या सफारीसाठी चारला निघायचं ठरलं. सासूबाईंचे गुडघे जिप्सीत बसण्यासारखे नाहीत, म्हणून त्या घरी राहिल्या. पण अडीचला उठून त्यांनी तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या, वर गुळाच्या पोळ्या, लिंबाचं लोणचं, आमच्या छोट्या मनूसाठी वेगळे साखरेचे शंकरपाळे. सहा माणसांना दोन दिवस पुरेल इतकं. "जंगलात काही मिळत नाही," एवढंच म्हणाल्या.

घाटीगावच्या पुढे धुकं इतकं की समोरच्या ट्रकचे मागचे दिवे हेच आमचं जग. हे ताशी तीसने गाडी चालवताहेत, निनाद मोबाईलवर उजाडायची वेळ बघतोय, आणि माझे सासरे, अण्णा, मागे बसून त्याला सांगताहेत की हा मुंबई-आग्रा रस्ता आहे, म्हणजे तुमच्या महाराष्ट्रातूनच येतो. अण्णा एक्याऐंशीचे. शिवपुरीला अजूनही सिप्रीच म्हणतात. मोहन्याला टपरीवर चहा घेतला. आल्याचा, कुल्हडमधला, दुसरा मागवावा असा. मागवलाही. त्यात वीस मिनिटं गेली आणि ह्यांचा चेहरा पडला.

जिप्सीत थंडी काय असते ते लिहून कळणार नाही. मनूला दोन ब्लँकेटांत गुंडाळलं, फक्त नाक बाहेर. गाईड तरुण होता, कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. पहिलंच वाक्य, "साहब, कल शाम यहीं मूवमेंट थी." हे वाक्य प्रत्येक जंगलात ऐकायला मिळतं असं निनाद कानात कुजबुजला. त्या बाबतीत त्याचा अनुभव मला मान्य आहे.

चितळ दिसले, पुष्कळ. नीलगायी दिसल्या. गवताच्या उतारावर दोन चिंकारा उभे होते, इतके नाजूक की धुक्यातून आधी कानच दिसले. गाईडने एका निष्पर्ण, करड्या झाडोऱ्याकडे बोट दाखवलं: करधई. म्हणाला, पावसाची वाट बघत नाही, हवा दमट झाली तरी हिला पालवी फुटते. मला ते फार आवडलं. निनाद मात्र सीटवर उभा राहून पुढचा रस्ता बघत होता. एका जागी वाळूत पंजाचा ठसा होता, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. गाईडने इंजिन बंद करायला लावलं. पंधरा मिनिटं आम्ही श्वास धरून बसलो. शेवटी अण्णांना शिंक आली.

मग जॉर्ज कॅसल. उंच टेकडीवरचा हा महाल ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी 1911 मध्ये पंचम जॉर्ज शिकारीला येणार म्हणून बांधून घेतला. राजाला म्हणे वाटेतच वाघ मिळाला आणि तो इथे मुक्कामाला आलाच नाही, असं गाईडने सांगितलं. मला त्या राजापेक्षा इथल्या आचाऱ्यांची काळजी वाटली. किती तयारी केली असेल बिचाऱ्यांनी! डब्यातल्या पुऱ्यांकडे बघून उगाच सासूबाई आठवल्या. अण्णांनी भर घातली, की ह्याच महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणून आपल्या जंगलात सोडले होते, आणि ते गुरं नि माणसं खायला लागल्यावर मारावे लागले. "आता कुनोत चित्ते आणले, तेही आफ्रिकेतूनच. बघू." अण्णांचं "बघू" फार लांबलचक असतं.

वाघ दिसला नाही. हे गाईडपेक्षा जास्त ओशाळले होते. निनाद "चालतं हो मामा" म्हणाला, त्याने तर आणखीच.

गावात आलो. छत्र्या, म्हणजे शिंदे घराण्याची स्मारकं, पाहिल्या: सख्याराजेंची एकीकडे, मधे तलाव, आणि समोर मुलाची, माधवरावांची. संगमरवरातलं जडावाचं काम बघण्यासारखं आहे, पण आमचे पाय बोलत होते. तात्या टोपेंच्या पुतळ्यापाशी मात्र अण्णांनी गाडी थांबवायला लावलीच. 18 एप्रिल 1859, इथेच फाशी. अण्णा चप्पल काढून उभे राहिले. थंड फरशीवर, मोजे न घालता. निनादनेही बूट काढले. त्याबद्दल त्याला पूर्ण गुण.

दुपारी ऊन निघालं आणि आम्ही सख्यासागरच्या काठी, सेलिंग क्लबपाशी, डबे उघडले. पाण्यावर बदकांचे थवे. पलीकडच्या काठावर दोन-तीन ओंडके पडल्यासारखे दिसत होते. मनू म्हणाली, "त्या ओंडक्याला दात आहेत." चांगल्या दहा-बारा फुटी मगरी, तोंड उघडं टाकून ऊन खात पडलेल्या. आम्ही सगळे पुऱ्या हातात धरून बघत बसलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्यातली मोठी पोटावर सरकली, आवाज न करता, आणि वन्सं ताडकन उठून ओरडल्या,

"अरे बघ, बघ! ती पाण्यात जाऊन राहिली!"

निनादने आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी लोणच्याची बाटली शोधू लागले.

वन्संच्या ते ध्यानातही नव्हतं. त्या भडाभडा सांगत सुटल्या होत्या, की आठवीत शाळेची सहल इथेच आली होती, त्यांची एक चप्पल पाण्यात पडली, आणि मगरींच्या भीतीने मास्तरणीने ती कुणाला काढू दिली नाही. एका चपलेवर ग्वाल्हेरला परत. "मग अण्णांनी दुसऱ्या दिवशी बाड्यावरच्या बाजारातून नवीन आणून दिली."

"कुठली आणून दिली," अण्णा पुरीचा तुकडा मोडत म्हणाले. "महिनाभर आईची घालून जाऊन राहिली होतीस."