मे महिन्यात गावी कशाला?

एप्रिल संपत आला की मला कोणी ना कोणी विचारतंच. "अहो, मे महिन्यात लोक नागपूर सोडून चिखलदरा, पचमढी गाठतात आणि तुम्ही काटोलकडे जाता? तिथे काय थंडी पडते का?" नाही पडत. ऊन तिथेही इथल्याइतकंच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी त्या उन्हासाठीच जाते.

माझं माहेर काटोल तालुक्यात, नागपूरहून साठेक किलोमीटरवर. संत्र्याची बाग आणि बाकी कापसाचं वावर. मृग लागला की पेरणी, मग निंदण, डवरणी, दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या संत्र्यांची तोड आणि कापसाची वेचणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुललेली संत्री. घरातलं कोणी ना कोणी सतत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. मे महिन्यात मात्र उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, झालेली असते, वावर वखरून ठेवलेलं असतं. मृग बहार धरलेल्या झाडांचं तर पाणीसुद्धा तोडलेलं असतं. झाडाला ताण बसला, पानं मलूल होऊन थोडी गळली, की पावसाबरोबर ते फुलावर येतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात माझे यजमान ती झाडं बघून घाबरले आणि पाइप लावायला निघाले. मोठे बाबा, म्हणजे माझे थोरले काका, म्हणाले, "थांबा जवाईबापू, आता पानी देल्लं तं फूल कुठून येईन?"

आमचा दिवस साडेपाचला सुरू होतो. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, असं बोर्डो मलम कालवायचं आणि झाडांच्या बुंध्यांना मीटरभर उंचीपर्यंत फासायचं, म्हणजे पावसाळ्यात डिंक्या, खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागत नाही. हे काम पोरांचं. आठ वाजेपर्यंत सगळ्यांची कोपरं निळी. मग आंघोळ, कैरीचं पन्हं, आणि दहाच्या सुमाराला मोठी आई, म्हणजे थोरली काकू, दारं लावून घेते. "पोट्टेहो, आता कोनी बाहेर जाऊ नका बाप्पा, लू लागन."

इथून पाच वाजेपर्यंत कोणीही कुठे जाऊ शकत नाही. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवशी आम्ही बावीस जण एका माजघरात होतो, एका कूलरसमोर. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ओल्या झाल्या की खोलीभर तो वास भरतो. फरशीवर सतरंज्या, मध्ये पाण्याचा माठ. पत्ते होतात, झोपा होतात, पण खरं म्हणजे बोलणं होतं. एरवी ज्याला त्याला उठून जायचं असतं. तिथे उठून जायला जागाच नसते.

आमची काकू आणि आत्या, दोघींचा हिश्श्याच्या बोलाचालीवरून दोन वर्षं अबोला होता. एका दुपारी मोठ्या आईने चिंचेचा ढीग मध्ये ओतला आणि दोघींना दोन बाजूंना बसवलं. अडकित्त्याने चिंचोके काढायचे. तास-दीड तास नुसता चिंचोक्यांचा आवाज. मग काकू खाली मान घालूनच म्हणाली, "ताई, तुमच्याकडची चिंच किडकी निघून राहिली. इकडची घ्या." आत्याने ढिगातली मूठभर ओढून घेतली. माफी कोणी मागितली नाही. संध्याकाळी दोघींनी मिळून अंगणात सडा टाकला. बाहेर ऊन नसतं तर दोघींपैकी एक जण केव्हाच शेजारी जाऊन बसली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

एका वर्षी आम्ही सगळे थंड हवेच्या ठिकाणीही गेलो होतो. चार खोल्या घेतल्या, हवा सुंदर होती. पण भेट व्हायची ती नाश्त्याला. मोठी आई तिसऱ्या दिवशी म्हणाली, "घरी जाऊ."

ऊन उतरलं की रोडगे. आमच्याकडे हे काम पुरुषांचं, आणि मोठे बाबा ते कोणाच्याही हाती सोडत नाहीत. जाडसर कणीक, तेलाचं मोहन, ओवा, मीठ. तीन छोट्या पुऱ्या लाटायच्या, एकीवर एक ठेवताना मध्ये तेल आणि पिठाची चिमूट, मग चौथ्या मोठ्या पारीत गुंडाळून गोळा बंद करायचा. गोवऱ्यांचा जाळ पूर्ण निवला पाहिजे, नुसता लाल विस्तव. त्यात रोडगे पुरायचे आणि मधूनमधून फिरवायचे. तडा गेला की झाला. फडक्यात घालून राख झटकायची आणि दोन्ही हातांनी दाबून फोडायचा: आतून एकेक पदर सुटा होऊन वाफ निघते. त्यावर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. त्याच विस्तवात वांगी आणि हिरव्या मिरच्या भाजल्या जातात, त्या लहान पोरांच्या आधी काका संपवतात.

रात्री गच्चीवर पाणी मारतो. सिमेंट आधी फसफसतं, मग तासाभराने पाठ टेकवता येते. एका ओळीत सगळ्यांच्या गाद्या, टोकाला मोठी आई आणि तिच्या उशाशी पाण्याचा लोटा. मोठे बाबा झोपण्याआधी एकदा आभाळाकडे बघतात आणि मृगाला किती दिवस राहिले ते मोठ्याने सांगतात.

यंदाही नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आत निघायचं आहे. तुम्हाला यायचं असेल तर या, गाडीत दोन जागा आहेत. डोक्याला बांधायला एक सुती दुपट्टा मात्र नक्की आणा.