तुम्ही विचारलंत म्हणून: मानसिक पेशंटची भीती वाटत नाही का?

"सिस्टर, वॉर्डात मानसिक पेशंट असला की भीती नाही का वाटत?" लग्नकार्यात, एसटीत, कधी शेजारच्या कॉटवरच्या नातेवाइकांकडून हा प्रश्न येतोच. मी जिल्हा रुग्णालयात मेडिसिन वॉर्डला आहे. मनोरुग्णालयं ठाण्याला, येरवड्याला, नागपूरला, रत्नागिरीला. पण स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसालाही डेंग्यू होतो, न्यूमोनिया होतो, आणि तेव्हा तो आमच्याकडेच येतो.

भीती वाटते. त्याचं ऐकलं जाणार नाही, याची.

केसपेपरवर मानसिक आजार लिहिलेला दिसला की छातीत दुखणं म्हणजे 'घाबरलाय' आणि पोट फुगणं म्हणजे 'नाटक' ठरतं. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं औषध घेणाऱ्याला शौचाला न होणं जिवावर बेतू शकतं. त्याला ताप आला तर पांढऱ्या पेशी तपासाव्याच लागतात. लिथियमवरच्या, म्हणजे मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या बाईला जुलाब झाले, अंगातलं पाणी गेलं, त्यात कुणी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलं, की रक्तातलं लिथियम चढतं. हात थरथरतात, जीभ जड होते, तोल जातो. बघणारे म्हणतात, हिचं डोकं पुन्हा बिघडलं.

उलटंही घडतं, बिघाड शरीरात असतो आणि माणूस वेडा ठरतो. रोज पिणारा माणूस दुसऱ्याच आजारासाठी भरती होतो, दारू एकदम बंद होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसायला लागतात. तो सलाइन उपटतो. घरचे अंगारा घेऊन येतात. त्याला शांत करणारं लोराझेपाम हवं असतं, थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व हवं असतं, आणि "काका, तुम्ही दवाखान्यात आहात" हे परत परत सांगणारं कुणीतरी. रात्रभर बडबडणाऱ्या आजींचं सोडियम उतरलेलं असतं किंवा लघवीत जंतू असतात. चष्मा घरी राहिलेला असतो, त्याने गोंधळ आणखी वाढतो.

सगळ्यात जास्त जीव अडकतो तो कीटकनाशक प्यायलेल्यांत. ॲट्रोपिन हा विषावरचा उतारा चालू असताना ते हवेतून काहीतरी वेचत असतात, चादर ओढत असतात, आणि सगळा वॉर्ड त्यांच्याकडे बघतो. मग औषध उतरतं, पोरगा शुद्धीवर येतो आणि भिंतीकडे तोंड करून गप्प पडतो. आता त्याच्याकडे कुणी बघत नाही, कारण त्याचा त्रास नाही. पोलीस जबाबाला येतात, नातेवाईक रागवायला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 म्हणतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. हे मी नातेवाइकांना सांगते. पोराला सरळ विचारते, "दादा, अजून मरावंसं वाटतंय का?" विचारल्याने तसं काही डोक्यात शिरत नाही. उलट कितीतरी जण तेव्हा पहिल्यांदा बोलतात. 'हो' म्हणाला तर खिडकीजवळची कॉट बदलून त्याला आमच्या टेबलासमोर आणते आणि डॉक्टरांना लगेच कळवते.

राहिला हात बांधण्याचा प्रश्न. त्याच कायद्याचं कलम 97 सांगतं की तात्काळ धोका टाळायला दुसरा कुठलाच उपाय नसेल तरच बांधायचं, तेही गरजेपुरतं. माणसं कमी आहेत हे कारण चालत नाही. कायदा बरोबरच आहे. पण रात्री अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय) देऊन तो पाळा म्हणणं हा अन्याय आहे, पेशंटवरही आणि आमच्यावरही. बिथरलेल्या माणसाजवळ अर्धा तास शांत बसलं की बहुतेक वेळा हात बांधायला बँडेज लागतच नाही. तो अर्धा तास कुठून आणायचा, हे वर बसलेल्यांनी सांगावं.

तुमच्याकडून एकच हवं. आपल्या माणसाला भरती करताना मानसिक आजाराच्या गोळ्या लाजेने लपवू नका. पाकिटं घेऊन या, शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा, आणि दारू असेल तर रोज किती आणि शेवटची कधी, तेही.