बांबूवरचे दोन ओरखडे

मार्चपासून आमच्या सोसायटीत दिवसाआड टँकर येत होता. ठाण्यातल्या नौपाड्यातली जुनी चार मजली बिल्डिंग, सोळा बिऱ्हाडं. महापालिकेचं पाणी येत होतं तेवढंच येत होतं, मग कमी पडतंय कसं? मीटिंगमध्ये उत्तर पाच मिनिटांत सापडलं. चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणारी सहा पोरं. दोनदा आंघोळी करतात, रोज मशीन लावतात, रात्री दोनला फ्लश ऐकू येतो. सगळ्यांत चढा आवाज माझा होता, मी सेक्रेटरी ना. दुसऱ्या दिवशी नोटीसही मीच टाइप केली: त्या फ्लॅटला दरमहा पंधराशे रुपये जादा पाणीपट्टी.

हे लिहिताना लाज वाटते, कारण मी वाढले कुणाच्या घरात!

21 सप्टेंबर 1995. देशभर गणपती दूध पीत होते. मी अकरा वर्षांची. आमच्या गल्लीतल्या देवळाबाहेर रांग, डेअरीत दूध संपलेलं. आईने देव्हाऱ्यातल्या पितळी गणपतीच्या सोंडेला चमचा लावला आणि दूध खरंच कमी व्हायला लागलं. माझ्या अंगावर काटा आला. बाबा ऑफिसातून आले, चहासुद्धा घेतला नाही. चमचाभर दुधात चिमूटभर कुंकू कालवलं, चमचा सोंडेला टेकवला आणि मला म्हणाले, "पोटाकडे बघ." सोंडेवरून खाली, पोटावरून पाटापर्यंत, केसाएवढी गुलाबी रेघ उतरत होती. पृष्ठताण वगैरे शब्द नंतर आले. दिल्लीहून शास्त्रज्ञांनीही रंगीत दूध वापरून हेच दाखवलं, ते पेपरात आलं. आई रागावली नाही, तिने शांतपणे गणपती पुसून जागेवर ठेवला. संध्याकाळी आरती झाली, बाबांनीच झांजा वाजवल्या.

पुढे शाळेत आगरकरांवर भाषण करून मी दुसरा नंबर मिळवला. 1888 मध्ये 'सुधारक' काढणारा, जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा बघणारा, चाळिशीही न गाठता गेलेला माणूस. मी आज त्यांच्यापेक्षा वयाने मोठी आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीपासून नागरिकाचं कर्तव्य आहे, हेही मला पाठ. सोसायटीच्या बायलॉजमध्ये तेवढं नाही.

तर नोटीस लागली, आणि तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरचे काका माझ्याकडे आले. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. मीटिंगमध्ये गप्प बसले होते. मला म्हणाले, "दहा हजारांचा टँकर दिवसाआड. म्हणजे रोज पाच हजार लिटर कमी पडतंय. सरकारी हिशोबात शहरातल्या माणसाला रोजचे 135 लिटर. सहा जणांचे आठशे दहा. दुप्पट वापरले तरी सोळाशे वीस. तुझं उरलेलं पाणी कोण पितंय?"

मी म्हटलं, "काका, पण रात्री दोनला फ्लश..."

"तुला ऐकू येतो. लिटर मोजलेस का?"

त्या रात्री अकराला काकांनी पंप बंद करून चावी खिशात टाकली, बाहेरून येणारा व्हॉल्व्ह आवळला आणि जमिनीखालच्या टाकीत बांबू उभा सोडला. वर काढून ओल जिथवर होती तिथे खिळ्याने ओरखडा मारला. पहाटे पाचला पुन्हा बांबू, पुन्हा ओरखडा. मधलं अंतर चार इंच. टाकी बारा फूट बाय आठ फूट, म्हणजे चार इंचांचं पाणी बत्तीस घनफूट; घनफुटाला अठ्ठावीस लिटर आणि थोडं वर, म्हणजे नऊशे लिटर. सहा तासांत. एकही नळ चालू नसताना. मला वाटलं, झालं, सापडलं. काका म्हणाले, "एका रात्रीवर कसला निकाल लावतेस?" दुसऱ्या रात्री पावणेचार इंच आले.

टाकी रिकामी केली तर कोपऱ्यात तळाशी भेग होती. बोट आत जाईल एवढी. दिवसाचा हिशोब छत्तीसशेच्या आसपास येतो. बाकीच्या चौदाशेचं काय, म्हणून काका आता घरोघरचे गळके फ्लश बघत फिरतायत. पहिला माझाच निघाला.

मग मी चौथ्या मजल्यावर गेले. दार उघडणाऱ्या मुलाने मला बघून आधीच म्हटलं, "काकू, या महिन्याचे भरलेत हं." पैसे परत करायला आले, हे सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्पच राहिला. मग कळलं, नोटीस लागल्यापासून पोरं अर्ध्या बादलीत आंघोळ उरकत होती, आणि दोघं तर जिममधूनच नाहून येत होते. आत बाथरूमच्या दारावर कुणाचा नंबर कितीला, असा कागद चिकटवलेला दिसला.

माझी नोटीस महिनाभर बोर्डावर होती. आता तिच्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुसरी लावायची असं ठरवून मी लिहायला बसले. पहिला मसुदा "काही गैरसमजातून" असा सुरू झाला, तो फाडला. दुसऱ्यात "समितीला असे वाटले" होतं; वाटलं मला होतं, तोही फाडला. तिसरा घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, माफीच्या ओळीवर काहीच बोलले नाहीत. पेन मागितलं आणि 'नऊशे लिटर' खोडून वर लिहिलं: पावणेनऊशे.

"दोन रात्रींची सरासरी धर," म्हणाले.