बाबागाडीत झोप, खिशात डेडलाइन

"तुझं बरं आहे बाई. घरबसल्या लिहायचं, मनात आलं की डोंगरात जायचं, आणि मुलांचं सगळं तिथलं सरकार बघतं." घरच्यांशी व्हिडिओ कॉल झाला की कुणी ना कुणी हे म्हणतंच. यातल्या तिन्ही गोष्टी अर्ध्या-अर्ध्या खऱ्या आहेत, त्यामुळे धड होही म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. आज सवडीने उत्तर देते. सवड म्हणजे धाकटा झोपलाय.

आधी लिहिण्याचं. मी ऑस्लोत राहते, पण माझी बरीचशी कामं भारतातून येतात. भारताचं घड्याळ इथल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. संपादक "संध्याकाळी सहापर्यंत पाठवा" म्हणतात तेव्हा जानेवारीत माझ्याकडे दुपारचा दीड वाजलेला असतो. थोरलीला बार्नेहागेत, म्हणजे इथल्या पाळणाघर-कम-बालवाडीत, सोडून परत येईपर्यंत सकाळचे नऊ. उरले साडेचार तास. पण हीच गंमत आहे: दीडनंतर मला कुणी शोधत नाही. तिकडे सगळे घरी निघालेले असतात, आणि इथे डिसेंबर असेल तर जेमतेम सहा तासांच्या दिवसातला थोडा उजेड अजून शिल्लक असतो. तो मी वाया घालवत नाही.

मग धाकटा आला आणि हे गणित विस्कटलं. सावरलं ते बाबागाडीने. इथे बाळांना दुपारी बाहेर, उघड्यावर झोपवतात. कॅफेबाहेर ओळीने लावलेल्या गाड्या आणि आत कॉफी पिणारे आईबाप पहिल्यांदा बघून मी हबकले होते. आता मीही तेच करते. आतून लोकरीचे कपडे, वर लोकरीची टोपी, मेंढीच्या कातड्यावर ठेवलेलं बाळ आणि त्यावर गाडीची जाडजूड पिशवी. थंडी वाजतेय का हे हात लावून बघायचं नाही, मानेमागे बोट सरकवून बघायचं. हात गारच असतात. घरात पाऊण तास झोपणारा हा प्राणी बाहेर दोन तास झोपतो.

हे दोन तास म्हणजे माझं ऑफिस. पाच नंबरच्या मेट्रोने शेवटच्या स्टेशनला उतरलं की समोरच सोन्सव्हान तळं. भोवतालची वाट तीन किलोमीटरपेक्षा थोडी जास्त, सपाट, गाडी ढकलायला सोपी. दोन फेऱ्यांत एका लेखाचा कच्चा मसुदा होतो, तोही तोंडी. बोटं उघडी राहणारे हातमोजे घालून टाइप करून बघितलं, पण थंडीत फोनची बॅटरी बोटांच्या आधी मान टाकते. म्हणून फोन कोटाच्या आतल्या खिशात, इअरफोन कानात, आणि मी चालता चालता मराठीत बोलत सुटते. समोरून येणारे नॉर्वेजियन लोक अनोळखी माणसाकडे तसेही बघत नाहीत. माझ्याकडे तर मुद्दाम बघत नाहीत. धाकटा मध्येच जागा झाला की त्याचं "बाबाबाबा"ही फोन इमानेइतबारे मजकुरात उतरवून घेतो.

आता "सरकार बघतं" याविषयी. बघतं, पण आधी हिशोब मागतं. बाळासाठीच्या रजेचा पूर्ण भत्ता घेतला तर दोघा पालकांना मिळून ४९ आठवडे मिळतात. त्यातले आईचे १५ आणि बापाचे १५ एकमेकांना देता येत नाहीत. रजा अर्धी घेऊन अर्धं काम केलं तर मुदत लांबते. मी तेच केलंय. नोकरदाराचा भत्ता त्याच्या चालू पगारावर ठरतो. माझ्यासारख्या स्वतंत्र व्यावसायिकाचा मात्र मागच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाच्या सरासरीवर. त्या तीन वर्षांतल्या एका उन्हाळ्यात मी कामं बाजूला ठेवून योटुनहाइमेनच्या डोंगरांत एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत चालत होते. बेसेगनच्या धारेवरून एकीकडे खाली हिमनदीच्या गाळाने हिरवंगार झालेलं येंडे तळं दिसतं, दुसरीकडे त्याच्याहून जवळपास चारशे मीटर उंचावर असलेलं निळं बेसव्हाटने. ते दृश्य मला नक्की केवढ्याला पडलं, हे धाकट्याच्या जन्मानंतर भत्त्याच्या कागदावर छापून आलं. तरी महाग पडलं असं मी म्हणणार नाही.

आजारपणाचा नियम जास्त बोचतो. मूल आजारी पडलं तर नोकरी करणाऱ्याला वर्षाला १० दिवस भरपगारी मिळतात. माझ्यासारखीला पहिल्या १० दिवसांचं काही मिळत नाही. आणि बालवाडीतला ऑक्टोबर म्हणजे नाक, कान, घसा आणि पोट आळीपाळीने. त्यामुळे आमच्याकडे ताप आला की आधी नवऱ्याचे दिवस संपतात, मग माझ्या रात्री.

राहता राहिला डोंगर. १९५७ च्या कायद्याने इथे मोकळ्या रानात कुणालाही फिरता येतं, तंबू ठोकता येतो. राहत्या घरापासून १५० मीटर लांब राहायचं आणि एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त नाही, एवढं पाळलं की झालं. जूनमध्ये थोरलीला घेऊन आम्ही नूरमार्काच्या जंगलात एका रात्रीसाठी गेलो. तंबू लागला, ब्रेड-चीज खाऊन झालं, गोष्टी सांगून झाल्या. बाई झोपेनात. "अजून दिवस आहे," हा तिचा मुद्दा, आणि तो बिनतोड होता; ऑस्लोत जूनमध्ये सूर्यच साडेदहानंतर मावळतो. अकराच्या सुमारास डासांनी तिची बाजू घेतली. आम्ही तंबू गुंडाळला आणि मेट्रोने घरी आलो. इथल्या डोंगरातल्या नऊ नियमांपैकी आठवा सांगतो की वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. हिमवादळासाठी केलेला हा नियम चार वर्षांच्या मुलीलाही चपखल लागू पडतो.

एक गोष्ट मात्र मी ठरवून पाळते. मुलांबरोबरच्या भटकंतीवर पैसे घेऊन लिहीत नाही. एकदा का सहल हे काम झालं की उजेड चांगला आहे म्हणून पोरांना त्याच ओंडक्यावरून चार वेळा चालायला लावलं जातं, आणि पाचव्यांदा ती रडतात. असले फोटो मी संपादक म्हणून खूप पाहिलेत. रडणं अर्थातच चौकटीबाहेर असतं. (हा मजकूर फुकट आहे, म्हणून चालतो.)

पुढच्या महिन्यात नवऱ्याचे १५ आठवडे सुरू होतात. गाडी, तळं आणि दुपारची झोप त्याच्याकडे; मला टेबल-खुर्ची. बसून लिहायचं कसं, ते आता नव्याने जमवावं लागणार आहे. आणि कॉलवर ज्यांनी "तिसऱ्याचं काय?" असं विचारलं, त्यांना सांगते: आधी सरासरी वर येऊ द्या.